लाल दोरीचं पोतं

“जे प्यायलं ते संपलं, असं मला कधी वाटलंच नाही,” आत्या एकदा म्हणाली होती.

निमित्त साधं होतं. आई कप विसळत होती. विसळता विसळता ती म्हणाली, “ताई, तुम्ही वर्षभर त्या उतारावर राबता, आणि शेवटी काय, तर चार घोट. कपाच्या तळाशी एक तपकिरी गोल उरतो, तोही मी धुऊन टाकते.” आत्याने तिच्या हातातून न धुतलेला कप घेतला, नाकाशी नेला, परत दिला आणि ते वाक्य बोलली. पाय दुखतोय म्हणावं इतक्या सहज. मग बाबांकडे वळून म्हणाली, “धाकट्या, तुझ्या बायकोला एक कप जास्त देत जा. माणूस घोट मोजायला लागलं की समजावं, कमी पडतंय.”

बाबांना ‘धाकट्या’ म्हणणारं जगात तेवढंच एक माणूस होतं. बाकी सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. बाबा कॉफी भाजून विकत. उतरत्या गल्लीत आमची एक लांबोडकी खोली होती. पुढे काउंटर, मध्ये भट्टी, मागे पोती. वरच्या माळ्यावर आम्ही राहायचो. भाजल्याचा वास लाकडी जिन्याने आमच्याआधी वर जायचा आणि उशांत शिरायचा. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी म्हणायची, तुझ्या वहीला करपल्याचा वास येतो. मला राग यायचा. वास करपल्याचा नव्हताच. करपणं आणि भाजणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढ्या अंतरावर बाबा आयुष्यभर उभे होते.

भट्टी म्हणजे आडवा लोखंडी ढोल. खाली जाळ, पुढे तळहाताएवढी काच. त्यात ओततात तो दाणा कॉफीसारखा दिसतही नाही. मळकट हिरवा, दगडासारखा टणक, वाळल्या गवताच्या वासाचा. ढोल फिरत राहतो. दाणा पिवळा होतो, तेव्हा खोलीत पाव भाजल्यासारखा वास येतो. मग तो तांबूस होतो, फुगतो, अंगावरचा पातळ पापुद्रा टाकतो, आणि मग आतून फुटल्यासारखा पहिला आवाज येतो. तड. एक, मग थांबून दुसरा, मग सगळ्यांचा मिळून. बाबा एरवी अखंड बडबडे, पण तड सुरू झाली की सासऱ्यासमोर बसल्यासारखे गप्प होत. कान काचेशी, हात खटक्यावर. त्यांच्या मनात जो क्षण असेल तो आला की खटका ओढत आणि धुरासकट सगळा ढोल जाळीच्या परातीत मोकळा होई. नंतर त्यांचं तोंड पुन्हा सुरू.

त्यांची एक सवय होती. कुठल्याही पोत्यातले दाणे सोलून झाले की भट्टीत ओतण्याआधी मूठभर कच्चे काढून ते काचेच्या बरणीत ठेवत. पुढच्या वर्षीचा रंग मागच्या रंगाशी ताडून बघायला, असं ते सांगत. ताडून बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. फळीवर बरण्यांची रांग वाढत गेली एवढंच. डावीकडच्या बरण्यांमधले दाणे पांढुरके पडलेले, उजवीकडचे अजून निळसर हिरवे.

आत्या आली की त्या रांगेकडे बघून हसायची. “मेलेत रे सगळे, धाकट्या. कॉफीचा दाणा गव्हासारखा वाट बघत बसत नाही. थोडे महिने दम धरतो. तेवढ्यात मातीत घातला तर घातला, नाहीतर कोंब आतल्या आत मरतो. वरून कळतसुद्धा नाही.”

“मरू देत. मला रंग बघायचाय.”

“मेलेल्याचा रंग बघतोय. माझा भाऊ खुळा आहे हे मी सांगत होते ना, वहिनी?”

“तुम्ही लग्नाआधी सांगायला हवं होतं,” आई म्हणायची.

बहीणभाऊ दोघंही त्या मळ्यावरच जन्मले आणि वाढले. आत्या राहिली, बाबा खाली आले. कारण विचारलं तर बाबा बाजारपेठेच्या गोष्टी सांगत, पण खरं कारण आत्याने मला कधीच सांगितलं होतं. बाबांना उतारावर चक्कर यायची. मळ्याचा खालचा भाग त्यांना जमे, पण वरचा उतार इतका उभा होता की तिथे एका हाताने झाड धरून दुसऱ्या हाताने फळं तोडावी लागत. बाबा पोरवयात तिथे एकदा बसले ते बसलेच. दोघांना मिळून त्यांना खाली आणावं लागलं. “पोत्यासारखा आणला,” आत्या सांगायची. “आणि बघ, पोत्यांच्याच धंद्यात गेला.”

वरचा उतार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेत होते. सुट्टीत आत्याकडे गेले होते. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे वाळवणाचं अंगण, मागे धुकं. मागे डोंगर आहे हे मला दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर कळलं. तोवर मला वाटत होतं, घराला मागची बाजूच नाही. उंच सावलीच्या झाडांखाली कॉफीची झाडं दाटीने उभी होती. खालच्या भागात सरळ रांगांत, एका वयाची. वरच्या उतारावर जिथे पाय ठरेल तिथे. त्या झाडांची खोडं माझ्या मांडीएवढी, शेवाळलेली, वाकडी. ती माझ्या आजीने लावली होती. त्या जातीची झाडं फळ कमी देतात, म्हणून आजूबाजूच्या सगळ्या मळेवाल्यांनी ती उपटून नवी लावली होती. आत्याने उपटली नाहीत. तिला खुळी म्हणणारे बरेच होते. तेही तिचीच कॉफी मागायला यायचे.

त्या झाडांना तिने नावं ठेवली होती. खडकावर रेललेली ती लंगडी. सगळ्यांत जुनी ती थोरली. एकीला फुलं येत पण फळ जेमतेम, ती मुकी. एक उताराच्या कडेला, बाकीच्यांपासून फटकून उभी, ती रुसकी. आत्या तोडणीला गेली की त्यांच्याशी बोले. “काय गं, अजून हिरवीच? कुणाची वाट बघतेस?” फळ अगदी गडद, काळपट लाल झाल्याशिवाय ती हात लावू देत नसे. तोडायचं तेसुद्धा फळ फिरवून, देठाचं बूड शाबूत ठेवून. “तिथूनच पुढच्या वर्षीचं फूल येतं,” ती म्हणाली होती. “ओरबाडलंस तर तू यंदाचं घेतलंस आणि पुढचंही.”

आणि मग फुलोरा. पाऊस एकदा पडून गेला की काही दिवसांनी एका सकाळी सगळी झाडं एकदम फुलतात. आदल्या संध्याकाळी कळ्या बोटाच्या पेरासारख्या बंद असतात. सकाळी दार उघडलं तर डोंगर पांढरा. पांढरा म्हणणंही खरं नाही. फांद्या दिसेनाशा झालेल्या असतात आणि त्या जागी एक जाड, शांत उजेड बसलेला असतो. वास इतका दाट की मी दारात थांबले. आत गेल्यासारखं वाटलं मला, बाहेर पडताना. मधमाश्यांचा आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. सगळ्या बाजूंनी येत होता, जमिनीतूनसुद्धा.

मी आत्याला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. उठली, बूट घातले आणि एक शब्द न बोलता उताराला लागली. मला वाटलं, माझं काही चुकलं. दुपारी ती खाली आली तेव्हा केसांत परागांची पिवळी धूळ होती आणि ती नेहमीसारखी बोलायला लागली होती.

“सकाळी बोलत का नव्हतीस?”

“फुलोऱ्याच्या दिवशी मी बोलत नाही. बोललं की मोजायला लागतो आपण. किती फुलं, त्याची किती फळं, त्याची किती पोती. तेवढी एक सकाळ नुसतं बघायचं.”

दुसऱ्या दिवशी फुलं तांबूस झाली, तिसऱ्या दिवशी गळाली. आत्या पुन्हा मोजायला लागली. पण मला तेव्हापासून माणसांचं गप्प होणं वेगळं ऐकू येऊ लागलं.

मळ्यावरून कॉफी टरफलासकट खाली येई, कारण टरफलात ती टिकते. बाबा ती आपल्या यंत्रावर सोलत. हंगामाच्या शेवटी ट्रकवाल्याबरोबर एक लहान पोतं येई. त्याच्या तोंडाला लाल दोरी. ते विकायचं नसे. वरच्या उतारावरचं सगळ्यांत चांगलं जे असेल ते आत्या त्यात भरी. ती खाली आली की बाबा ते फोडत, भाजत आणि घरातले सगळे पीत. समोरच्या दुकानातले घड्याळवालेही त्या दिवशी डोळ्याचं भिंग कपाळावर चढवून येऊन बसत. त्यांना कुणी बोलावत नसे. वासच बोलावी.

मी शाळा संपवली, कॉलेज केलं आणि दुकानातच बसू लागले. लाल दोरीचं पोतं दर वर्षी येत राहिलं. ते कधी न यायची गोष्ट आमच्या कुणाच्या मनात आली नव्हती.

त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. तोडणी कशीबशी उरकली होती. एक दिवस मळ्याचा फोन लागेनासा झाला. दुसऱ्या दिवशी रस्ता बंद झाल्याचं कळलं. बाबा भट्टी पेटवत आणि विझवत. दाणे ओतत नव्हते. आईने सांगितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

मग ट्रकवाला आला. त्याचा ट्रक अलीकडेच अडकला होता. तुटलेला रस्ता तो पायी पार करून वर गेला होता आणि तसाच परत आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर लहान पोतं. लाल दोरीचं.

“ताई ठीक आहेत,” त्याचं पहिलं वाक्य तेच. शहाणा माणूस. “घर ठीक आहे. खालची झाडंही आहेत. वरचा उतार गेला.”

“गेला म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“गेला म्हणजे गेला, भट्टीवाले. जिथे होता तिथे आता आकाश आहे.”

ट्रकवाल्याने खांद्यावरचं पोतं उतरवून पुढे धरलं.

“ताई अंगणात उभ्या होत्या. हे दिलं. म्हणाल्या, धाकट्याला सांग, कोरड्या जागी ठेव, मी रस्ता झाला की येतेच.”

बाबांनी ते पोतं दोन्ही हातांनी घेतलं. माळ्यावर, धुराड्याच्या भिंतीलगत आमचा बिछाना होता, तिथून तो सरकवून त्यांनी पोतं ठेवलं. घरातली सगळ्यांत कोरडी जागा ती. काही आठवडे आम्ही तिघं भिंतीपासून दूर, गारव्यात झोपलो.

आत्या उद्या येतेय असा ट्रकवाल्याचा निरोप आला, त्या दिवशी बाबांनी पोतं खाली आणलं. लाल दोरी सोडली, गुंडाळून खिशात ठेवली. टरफलांना राख लागलेली होती. चाळलेली, पिठासारखी मऊ राख. “बिचारीने ओल लागू नये म्हणून काय काय केलंय,” ते म्हणाले आणि चाळणीत घालून राख झटकली. खोलीत ती करडी धूळ उडाली, आईला शिंका आल्या. मग त्यांनी दाणे सोलले. मूठभर कच्चे बरणीत गेले, झाकण लागलं, बरणी फळीवर उजव्या टोकाला.

“थोडं ठेवायचं का मागे?” आईने विचारलं.

“नाही. यंदा सगळं भाजतो. परत हे मिळायचं नाही. ताईला हवं तितकं पिऊ दे. डोंगर गेला बिचारीचा.”

ते डोळे पुसत होते की राख, कळलं नाही.

मी भट्टीजवळ उभी होते. दाणा पिवळा झाला तेव्हाच काहीतरी निराळं असल्याचं जाणवलं. पावाचा वास आला नाही. ओल्या लाकडाचा, मग सालीचा, मग कशाचा ते सांगता येईना. तड सुरू झाली, ती नेहमीसारखी घाईची नव्हती. एकेक दाणा आपला आपण, स्वच्छ फुटत होता. बाबांनी काचेला कान लावला होता आणि त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. त्यांनी खटका ओढला, दाणे परातीत सांडले आणि दुकानभर वास पसरला. मी दाराकडे पाहिलं. कुणीतरी दार उघडलंय, बाहेर काहीतरी फुललंय, असं मला क्षणभर खरोखर वाटलं. दार बंद होतं.

कॉफीला एक रात्र विसावू द्यायची असते. बाबांनी ती दिली. सकाळी त्यांनी पहिली दळली. घड्याळवाले कपाळावर भिंग घेऊन हजर होते.

घड्याळवाल्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “काय घातलंय यात?”

“काही नाही,” बाबा म्हणाले.

“काही नाही म्हणजे काय घातलंय?”

“पाणी.”

घड्याळवाल्यांनी पुन्हा कप उचलला. एरवी भट्टीवाल्यांना टोमणा मारल्याशिवाय त्यांचा कप रिकामा होत नसे. त्या दिवशी ते भिंतीकडे बघत पीत राहिले. मग भिंग डोळ्यावर ओढून कपात पाहू लागले. कुणी हसलं नाही.

मी प्यायले. आधी काही कळलंच नाही. गरम, पातळ, जवळजवळ चहासारखं. घोट गेल्यावर ते आलं. जिभेच्या कडांना पिकल्या फळाचा आंबटपणा, त्यामागे मध, आणि या सगळ्याच्या वर, डोक्याच्या आत कुठेतरी, ती पांढरी सकाळ. तीच. जो डोंगर आता कुठेच नव्हता, तो माझ्या तोंडात उभा होता. मला भीती वाटली. एखादी गोष्ट नाहीशी झाल्यावर इतकी पूर्ण असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

बाबांना तर एका जागी उभं राहवत नव्हतं. काउंटरच्या अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे. “आयुष्यात अशी भाजली नाही मी. बघ, बघ, थंड झाल्यावर अजून गोड होतेय. ताई येऊ दे. ताईला तर—”

आणि आत्या आली.

दारातच थांबली. बूट चिखलाचे म्हणून तिने ते काढले आणि काढताना, वाकलेलीच, स्थिर झाली. मान वर केली. वास घेतला. मी तिचा चेहरा पाहिला. आधी त्यावर आनंद आला, तो मी शपथेवर सांगू शकते. थोरली, लंगडी, मुकी, रुसकी सगळ्या एकदम दारात भेटाव्यात तसा. मग तो आनंद जागच्या जागी थांबला.

“लाल दोरीचं?” तिने विचारलं.

“मग! तुझंच,” बाबा कप घेऊन पुढे झाले. “सगळं भाजलं यंदा. काही मागे ठेवलं नाही. बस, आधी घोट घे, मग रड.”

“राख नव्हती त्याला?”

“होती की. झटकली मी. ओल लागू नये म्हणून लावली होतीस ना?”

आत्या आत आली. पोत्यांच्या थप्पीवर बसली. रिकामं लहान पोतं तिथेच होतं, ते तिने हाताने सपाट केलं.

“बियाणं होतं ते, धाकट्या.”

बाबांच्या हातातला कप हलला नाही. तेच जास्त वाईट होतं.

“उतार जायच्या आधी काढलेलं,” ती म्हणाली. “थोरलीचं आणि लंगडीचं जास्त. सावलीत वाळवलं, राखेत घोळवलं. वर कुणीही राख बघितली की समजतं, हे पेरायचं आहे.” मग तिच्या लक्षात आलं असावं की हा पोरवयातच खाली आला होता, त्याने रोपं कधी केलीच नव्हती.

घाबरलेला माणूस ओरडतो तसे बाबा ओरडले. “मग लाल दोरी कशाला बांधलीस? लाल दोरी म्हणजे घरचं! लाल दोरी म्हणजे प्यायचं! साधी सुतळी बांधायची, काळी बांधायची, मला काय स्वप्न पडतं?”

आत्याने आपले हात पाहिले. “चांगलं ते लाल दोरीत. हातांना दुसरं येतं कुठे.”

घड्याळवाले उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच पाठ करून उभे राहिले. जाववत नव्हतं, थांबवतही नव्हतं.

“ताई, खालच्या झाडांचं बी...” आई म्हणाली.

“खालची ती खालचीच, वहिनी.”

“दुसऱ्या कुणाकडे या जातीची—”

“सगळ्यांनी उपटली. मीच खुळी राहिले होते.” ती हसली. हसण्याचा आवाज आला, बाकी काही आलं नाही.

बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. “ताई, मला मार.”

“ऊठ. पोत्यासारखा बसू नकोस.” तिने हात पुढे केला. “कप दे तो. थंड होतोय.”

तिने कप दोन्ही हातांत धरला. बराच वेळ नुसता वास घेत राहिली. मग प्यायली. मी इतक्या वर्षांत पुष्कळ लोकांना कॉफी पिताना पाहिलं आहे, ते माझं कामच आहे. अशी पिणारी पुन्हा पाहिली नाही. तिच्या गळ्याची शीर हलताना दिसत होती. प्रत्येक घोटानंतर ती थांबत होती, जिना चढताना वय झालेली माणसं पायरीवर थांबतात तशी.

“ही लंगडी,” ती म्हणाली. “आंबट. जिभेला पहिली लागते, आगाऊ कुठली.”

पुन्हा घोट.

“थोरली मागून येते. तिला घाई नसते.”

पुन्हा. या वेळी तिने घोट जिभेवर धरून ठेवला. “मुकीसुद्धा आहे यात. ओंजळभर होती तिची फळं.” आणि आवाज अगदी खाली आणून, दुसऱ्या कुणाला तरी सांगितल्यासारखं, “बोलतेय बघ, मुकी.”

बाबा रडत होते. आई रडत होती. मला रडू येत नव्हतं. मी तिच्याकडे बघत होते. ज्याच्यासाठी ती जगली ते सगळं तिच्या हातातल्या कपात होतं, आणि ती ते पीत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जे होतं त्याला मला शब्द नाही. फुलोऱ्याच्या सकाळी डोंगराकडे जाताना तिची मला फक्त पाठ दिसली होती; तेव्हा चेहरा हाच असणार, तेवढंच सांगता येतं.

कप रिकामा झाला. तळाशी तपकिरी गोल राहिला. आईने सवयीने हात पुढे केला, पण आत्याने कप दिला नाही. तिने तो थप्पीवर ठेवला आणि वर पाहिलं.

फळीवर बरण्या होत्या.

बाबांनीही पाहिलं. “मूठभर—” ते म्हणाले. “ताई, मूठभर काढलेत मी. कालच. पण सोललेत. यंत्रावर सोललेत.”

आत्याने उत्तर दिलं नाही. स्टूल ओढलं, वर चढली, उजव्या टोकाची बरणी काढली. खाली उतरून खिडकीच्या उजेडात, काउंटरवर, पुड्या बांधायच्या पांढऱ्या कागदावर ती ओतली. निळसर हिरवे दाणे पसरले. ती एकेक दाणा उचलू लागली. दाण्याच्या एका टोकाला, पाठीच्या बाजूला, पापुद्र्याखाली कोंब झोपलेला असतो. हे तिनेच मला कधीतरी दाखवलं होतं. ते टोक ती उजेडाकडे धरी, नखाची कडही न लावता बघे. यंत्राने ओरखडलेला, टवका उडालेला दाणा परत बरणीत जाई. शाबूत असेल तो तिच्या डाव्या हाताजवळ, रुमालावर.

बरणीत दाणा पडला की टण वाजे. रुमालावर पडलेल्याचा आवाज येत नसे. आम्ही सगळे आवाज न येण्याची वाट बघत उभे होतो. टण. टण. मग काहीच नाही. मग टण. घड्याळवाले दारातून वळले होते. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून पुढे धरलं. आत्याने ते न बघता घेतलं, डोळ्याला लावलं आणि पुढचा दाणा उचलला.

कागद रिकामा झाला तेव्हा रुमालावर लहानसा ढीग होता. एका तळहातात मावेल एवढा. यातले किती उगवतील, एक तरी उगवेल का, हे त्यांच्याकडे बघून कुणाला सांगता आलं नसतं. तिने त्यांच्यावर हळूच उच्छ्वास सोडला, काचेवर सोडतात तसा, आणि रुमालाची चारही टोकं गोळा केली.

बाबांनी खिशातून लाल दोरी काढून पुढे केली.

आत्याने त्यांच्या हाताची मूठ मिटवली, दोरीसकट. मग काउंटरवरच्या रिळातून पुड्यांची पांढरी दोरी तोडली, गाठ मारली आणि पुरचुंडी स्वेटरच्या आत, अंगाशी ठेवली. घड्याळवाल्यांचं भिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“ताई, आत्ताच आलात,” आई म्हणाली. “दोन घास तरी खाऊन—”

“श्श,” बाबा म्हणाले. “आज बोलणार नाही ती.”

दाराशी वाकून आत्याने चिखलाचे बूट चढवले, एक हात पोटाशी तसाच धरून, आणि गल्लीच्या चढाला लागली.